बेटावरची काशाची बांगडी

अख्ख्या कुळगावात मी फसवला नाही असा माणूस नाही. बरं, बायको सोडून.

माझी भाची लांबच्या एका बेटावर उत्खनन करते. ती सुट्टीला घरी येणार म्हणून तिला चकवायला मी उल्हासनगरहून पितळी बांगडी आणली, मीठ-लिंबू लावून हिरवी केली, परसात पुरली आणि तिच्यादेखत उकरली.

"मामा, ही कुणी घातलेलीच नाही," म्हणत तिनं मोबाइलवर बेटावरची काशाची बांगडी दाखवली. हजारो वर्षांपूर्वीची, आतून मनगटानं झिजून गुळगुळीत झालेली. ती घालणारी बाई जन्मभर त्याच हातानं दळत-कांडत असणार. मी मोबाइल जवळ ओढला.

बायकोही चहा ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "तिथे ना दुकान ना बाजार, तरी तिच्या हातात बांगडी होती. तुम्ही उल्हासनगरहून जन्मात एक आणलीत, ती मातीत पुरलीत."