केनने मान वर केलीच नाही

स्वतःच्या मुलाचा फोटो काढणं सोपं वाटतं ना? मला विचारा! नव्वदच्या दशकातली गोष्ट, आम्ही जपानमध्ये इचिकावात होतो. आमचा केन हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये, शेवटचं वर्ष. युनिफॉर्म दुसऱ्या दिवशी परत करायचा होता आणि पुण्याहून आईने धोशा लावलेला, "नातवाचा त्या कपड्यातला फोटो पाठव."

नेलं त्याला नदीकाठच्या मैदानावर. कॅमेरा डोळ्याला लावला, तोच कोच सायकलवरून गेले. केनने टोपी काढली आणि कमरेत वाकला. मग कोणी जुना सीनियर आला, मग त्या सीनियरची आई. मी बटण दाबायला आणि हा वाकायला एकच गाठ!

"अरे, एकदा तरी सरळ उभा राहा!"

"आई, नाही वाकलो तर उद्या शिक्षा म्हणून सगळ्या टीमला मैदानाभोवती पळवतील."

आणि पुण्यात काकांच्या पाया पड म्हटलं की हाच खांबासारखा उभा!

रोल धुऊन आणला, तर प्रत्येक फोटोत नुसतं टीमच्या नियमाने भादरलेलं डोकं. तेच पाठवले, काय करणार?

आईचा फोन आला. "दिला गं बाई आशीर्वाद! आता त्याला म्हणावं, मान वर कर."