चौथीच्या सहा जुन्या वह्या

मी, खाली सही करणारी, वय ५८ वर्षे, व्यवसाय शिक्षिका, राहणार शाळेच्या मागच्या गल्लीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर. आमच्या शाळेच्या व्हाइस प्रिन्सिपॉल बाईंनी शाळेच्या सहा वह्या चोरीस गेल्याची तक्रार दिली आहे. त्याबाबत बोलावल्यावरून आज सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी या शाळेत एकोणीस वर्षे चौथीला इंग्रजी शिकवते. शाळेचा अभ्यासक्रम अमेरिकन आहे. दर दोन वर्षांनी बाहेरचे तपासणी पथक येते. ते वर्गात दिलेले गुण, बाहेरून येणाऱ्या वाचन-परीक्षेचे निकाल आणि मुलांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहतात आणि मूल वर्षभरात किती पुढे गेले ते ठरवतात. त्यावरून शाळेला शेरा मिळतो. मागचा शेरा 'चांगली' होता. या वेळी 'उत्तम' मिळवायचा होता. तसा फलक आधीच छापून स्टोअरमध्ये गुंडाळून ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे.

माझ्या वर्गात खोडरबर चालत नाही. चूक झाली की तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि पुढे नीट लिहायचे. मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी असेच शिकवले. माझी त्या वेळची एक वही अजून माझ्याकडे आहे. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

दिनांक ४ फेब्रुवारी रोजी दुपारी अडीच वाजता स्टाफरूममध्ये बैठक झाली. व्हाइस प्रिन्सिपॉल बाई म्हणाल्या, "खालच्या सहाजणांच्या वह्या बघवत नाहीत. नुसती काटाकाट. नव्या करून घ्या." मी म्हणाले, "नव्या म्हणजे?" त्या म्हणाल्या, "पहिल्या पानापासून. हुशार मुलांच्या वह्या समोर ठेवा आणि उतरवून घ्या. तारखा जुन्याच." मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "मिस, तुम्ही बसा. मी बघते."

त्यानंतर तीन आठवडे ती सहा मुले खेळाच्या तासाला वाचनालयात बसून लिहीत होती. वाचनालयाच्या खिडकीतून मैदान दिसते. त्यांतली एक मुलगी, तिला वर्गात सगळे खारू म्हणतात, मला जिन्यात भेटली. म्हणाली, "टीचर, माझी आधीची वही वाईट होती का?"

येथे मी पाणी मागून घेतले.

दिनांक २४ फेब्रुवारी रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास झाडलोट करणाऱ्या मावशी मागच्या जिन्याने रद्दीची गोणी नेत होत्या. मला पाहून थांबल्या. "टीचर, वरच्या सहा वह्या तुमच्या वर्गातल्या दिसतात. अक्षरावरून ओळखलं. मी जरा कंबर धरून बसते इथं. मला काही दिसत नाही." मावशींनी दुसरे काही केलेले नाही. त्यांना यात ओढू नये. त्या सहा वह्या मी गोणीतून जाणूनबुजून काढल्या आणि माझ्या कापडी पिशवीत ठेवल्या.

दिनांक ३ मार्च रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तपासणीच्या बाईंनी खारूची नवी वही उघडली. पंधरा-वीस पाने उलटली आणि विचारले, "हिला पहिल्या दिवसापासून सगळं येत होतं?" व्हाइस प्रिन्सिपॉल बाई हो म्हणाल्या. "मग वर्षभर तुम्ही शिकवलंत काय?" मी पिशवीतून जुन्या सहा वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "या त्यांच्या खऱ्या वह्या."

तपासणीच्या बाईंनी त्या पाऊण तास वाचल्या. खारूच्या वहीत सप्टेंबरच्या पहिल्या पानावर तीन ओळी आणि अकरा रेघा आहेत. जानेवारीच्या शेवटच्या पानावर पूर्ण पान भरलेले आहे आणि दोन रेघा आहेत. वह्या बाईंनी माझ्याच हातात परत दिल्या. शाळेत ठेवल्या तर पुन्हा गोणीत जातील म्हणून मी त्या घरी नेल्या.

दिनांक २१ मार्च रोजी निकाल आला. शेरा 'समाधानकारक'. म्हणजे एक पायरी खाली. अहवालात एक वाक्य असेही आहे की चौथीतल्या सर्वांत मागच्या मुलांची प्रगती खरी आहे व ती पानापानांवर दिसते. ते वाक्य पालकांना पाठवलेल्या पत्रात नाही.

व्हाइस प्रिन्सिपॉल बाई बारा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसत. शाळेत मला मिस म्हणतात, घरी आल्या की ताई. परवा त्यांचा फोन आला. "ताई, वह्या चुकून नेल्या, एवढंच लिहून द्या. मी तक्रार मागे घेते. तुमची नोकरीही राहील." मी विचारले, "आणि वह्या?" त्या म्हणाल्या, "त्या शाळेच्या आहेत." माझ्या मुलीचेही म्हणणे पडले, "आई, एक ओळ तर आहे, दे ना लिहून." आमचे हे म्हणाले, "चोरीच करायची तर निदान कपाट तरी उचलायचंस." मी ओळ लिहून दिली नाही. देणारही नाही. नोकरी ठेवायची की नाही ते शाळेने ठरवावे.

सहाही वह्या मी आज सोबत आणल्या आहेत. त्या ताब्यात घेताना प्रत्येक वहीची लिहिलेली पाने मोजून पंचनाम्यात नोंदवावीत. मी मोजली आहेत, एकूण चारशे अकरा. काम संपल्यावर वह्या शाळेला न देता त्या त्या मुलाच्या हातात द्याव्यात. खारूला सांगावे की तिची वही पोलिसांनी जपून ठेवली होती.

हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. गोणीच्या मजकुरात त्यांनी माझ्या भल्यासाठी 'चुकून काढल्या' असे लिहिले होते. तो शब्द मी बदलायला लावला. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे खोडता येत नाही. एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, आणि शेजारी तुमची सही." मी म्हणाले, "मला माहीत आहे." रेघ मी मारली, वर 'जाणूनबुजून' माझ्या हाताने लिहिले आणि शेजारी सही केली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.