नूरनं लावलेलं दही

माझं माहेर बोरगावचं, सौंसरजवळ, बाप संत्र्याच्या बागेत राखणीवर होता, अन् लग्न होऊन मी पांढुर्ण्याले आली. नवरा वारला तवापासून इथं पोरींच्या बालगृहात सैपाक करून राहिली. स्टेशन जवळ, म्हणून गाडीतून एकट्या उतरलेल्या पोरी पोलीस आमच्याकडंच आणतात. घर सापडलं की चालल्या जातात.

नूर मात्र राहिली. तिचं घर बर्म्यात, ते जळलं, चुलत्यासंग निघाली अन् गर्दीत चुलता चुकला. सोळाची असन. इथं ठेवायचं का परत धाडायचं ते साहेब लोक ठरवून राहिले, तारखेवर तारीख. मी आमच्या मॅडमले विचारलं, घरच जळलं तर धाडतात तरी कोणापाशी. मॅडम म्हणे, कमलाबाई, तेच तर कोणाले माहीत नाही.

आता काय सांगू बाई तुम्हाले, ही पोर सगळं खाये, आपला ठेचाबी खाये, पण दही दिसलं की उठून जाये. मले वाटलं, तिच्या मुलखात खात नसतीन. विचारलं तर सांगे ना. मंग साहेबापुढं जायची तिची तारीख आली, मी जाणाऱ्या हरेक पोरीले देतो तशी रीतीप्रमाणं दहीसाखर घेऊन दारात उभी, तर तिनं मुठी आवळल्या अन् रडाले लागली. पोरींतली मोठी संगीता म्हणे, मावशी, तुम्ही जिच्या हातावर दही ठेवता ते पोरगी वापस येत नाही, हे नूर केव्हाची पाहून राहिली.

आपण चांगलं व्हावं म्हणून देतो, अन् पाहणाऱ्याले कसं दिसते पाहा.

मंग पुढच्या तारखेले मी वाटी नेलीच नाही. कोमट दुधानं भरलेला गंज तिच्यापुढं ठेवला, म्हटलं, विरजण तू लाव, वापस आली की कढीबी तूच कर. ती म्हणे, मी नाही आली तर. म्हटलं, तर दही आंबट होईन अन् साऱ्या पोरी तुलेच शिव्या देतीन. हसली, लावलं विरजण. अन् आली वापस, कढीत मीठ जास्त टाकलं.

आज पुन्हा गेली आहे. हुकूम आजच निघेल म्हणतात. कसा निघेल मले माहीत नाही, खोटं कायले सांगू. जाताना विरजण मात्र न सांगता लावून गेली. तो पाहा गंज, खिडकीत झाकलेला, दही घट्ट झालं. मी बेसन काढून ठेवलं, कढीपत्ता तोडून आणला.

तुमची नातवंडं दूर आहेत ना बाई, जिथं असतीन तिथं कोणी त्याइले जेवला का म्हणून विचारत राहो. तुम्ही बसा. नूरची संध्याकाळची बस येऊ द्या, कढी खाऊनच जा.