लेबर रूमचं माप

(इस्पितळातली डॉक्टरांची बसायची खोली. दुपार. ताई आणि धाकटा, सख्खे बहीणभाऊ, दोघेही डॉक्टर. अंगावर अजून ऑपरेशनचे कपडे. सिस्टर दारात उभी.)

ताई : तो टेपवाला कोणाचा माणूस होता?

धाकटा : कोण टेपवाला?

ताई : सकाळी माझ्या लेबर रूममध्ये घुसून भिंती मोजत होता तो. टेबलावर बाई कळा देतेय आणि हा खिडकीपासून दारापर्यंत टेप ताणून उभा!

सिस्टर : मला विचारतो सर, हा पलंग कधी निघणार? मी काही बोलायच्या आत ती बाईच ओरडली, बाळ निघालं की निघेल!

धाकटा : त्याला आज यायला सांगितलंच नव्हतं.

ताई : म्हणजे उद्या सांगितलं होतं.

धाकटा : सिस्टर, जरा दोन चहा सांगता का?

सिस्टर : सांगते. मॅडम, त्या बाईला अजून वेळ आहे. मी बघते.

ताई : डोकं दिसलं की हाक मारा... हं, गेल्या त्या. बोल आता.

धाकटा : मी रविवारी तुझ्या घरी येऊन शांतपणे सांगणार होतो.

ताई : इथेच सांग. अशांतपणे सांगितलंस तरी चालेल.

धाकटा : प्रसूती विभाग बंद होतोय. या महिन्याअखेर. त्या जागेत त्वचा आणि केसांचं सेंटर येतंय.

ताई : केसांचं.

धाकटा : टकलावर केस लावतात, चेहऱ्यावरचे डाग घालवतात. ते चालवणारी डॉक्टर भाडं देणार, वर टक्केवारी देणार. दहा ते सहा काम. रात्रपाळीची नर्स नको, भूल देणारा नको, रक्त आणून ठेवायला नको.

ताई : आणि कोणी मरत नाही.

धाकटा : हो, आणि कोणी मरत नाही! जरा हिशेबानं बघ ना. बाळंतपणाचं पॅकेज ठरलेलं, मग बाई दोन तासांत मोकळी होवो नाहीतर दोन दिवसांनी. दर बाळंतपणामागे इस्पितळ खिशातले घालतंय.

ताई : पॅकेज कोणी ठरवलं?

धाकटा : दरांच्या समितीनं.

ताई : त्यात बायकांची डॉक्टर कोण आहे?

धाकटा : तुला दोनदा बोलावलं होतं. आली नाहीस.

ताई : दोन्ही वेळा टेबलाशी होते. तुमच्या मीटिंगा ठरवून होतात, माझ्या बायका ठरवून येत नाहीत. आणि आता जाणार कुठे त्या? पलीकडच्या चौकातलं प्रसूतिगृह गेल्याच वर्षी बंद झालं.

धाकटा : मोठ्या इस्पितळात जातील. तासाभराचा तर रस्ता.

ताई : कळा देत तासभर. तू एकदा जाऊन बघ, नुसता मुतखडा घेऊन.

धाकटा : ताई, टोमणे नकोत.

ताई : बरं, सरळ बोलते. आज सकाळची गर्भपिशवी काढायची केस घे. आधीची दोन सिझर, आत सगळं एकमेकांना चिकटलेलं. जेवायची वेळ टळून गेली तरी मी उभी. लघवीच्या पिशवीला भोक पडलं, तुला हाक मारली, तू आलास, शिवून गेलास. छान शिवलंस, खोटं कशाला बोलू. पण बिल बघितलं मी. तुझी रक्कम माझ्यापेक्षा मोठी. आणि बाहेर तिचा नवरा मलाच विचारतो, मोठे डॉक्टर कुठे गेले, त्यांचे आभार मानायचे होते.

धाकटा : आमच्या शाखेचे दर आधीपासूनच जास्त आहेत. ते काही मी नाही ठरवले.

ताई : तू त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली पुरुषांची ऑपरेशनं करतोस. तेवढंच कापायचं, तेवढंच शिवायचं. पण बाईचं असलं की निम्मे. पोट कोणाचं आहे त्यावर दर लावता रे तुम्ही. आणि विम्याचा हप्ता? उद्या खटला झाला तर म्हणून आपण भरतो तो? माझा तुझ्या दुप्पट. का, तर माझ्या टेबलावर दोन जीव. जोखमीला दोन मोजतात आणि पैसे देताना एकसुद्धा धड मोजत नाहीत.

धाकटा : अगं, म्हणून तर म्हणतोय! सोड हे. बाळंतपणं सोड, नुसती ऑपरेशनं कर. या वयात रात्रीची झोप तरी मिळेल. मीटिंगमध्येही मी तेच म्हणालो, ताईची सुटका होईल.

ताई : असं म्हणालास?

धाकटा : हो.

ताई : मला न विचारता, माझ्या वतीनं. आणि मग विभाग बंद करायला हात वर केलास?

धाकटा : सगळ्यांनी केले.

ताई : सगळ्यांचं नाही विचारलं.

धाकटा : ...केला.

ताई : बाबांची आठवण झाली बघ. त्यांनीही माझी सोयच बघितली होती. मला सर्जरी मिळत होती. म्हणाले, मुलीच्या जातीला बायकांचं डॉक्टर होणं बरं. तुला माझ्यापेक्षा कमी गुण पडले आणि तू सर्जरीला गेलास, तेव्हा हेच बाबा गल्लीभर सांगत सुटले, पोरगा सर्जन होणार!

धाकटा : पण तुला तर आवडतं की हे काम.

ताई : आवडतं. तेच हेरलंय तुम्ही. आवडीनं करतेय ना, मग कमी दिले तरी ही जाते कुठे!

सिस्टर : चहा. मॅडम, तुमच्या भाचीचा फोन आला होता, लेबर रूमवर. सरांनी उचलला नाही म्हणाली. पायांची सूज काही उतरत नाहीये तिची. आणि आतली ती बाई सारखी तुम्हाला विचारतेय.

ताई : बाईला सांगा, आले. भाचीला सांगा, उद्या सकाळी ये, बीपी बघते.

सिस्टर : बरं.

धाकटा : चिमणीच्या पायांना सूज आहे? मला नाही बोलली.

ताई : तुझ्या फोनला वेळ असेल तेव्हा बोलेल. माझ्याकडे रांगेत बसते ती, नंबर लावून. म्हटलं, अगं थेट आत यायचं, तर म्हणते, आत्या, बाकीच्याही अवघडलेल्याच आहेत की.

धाकटा : तू फार चिडलीयस माझ्यावर.

ताई : चिडलेय. परक्यानं केलं असतं तर कचाकचा भांडले असते. तुझ्याशी भांडायचीसुद्धा लाज वाटते. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, इथे वैद्यच वैद्याला म्हणतोय. तेही गरज सरायच्या आधी.

धाकटा : ताई, एक विचारू? रागाच्या भरात नाही म्हणू नकोस.

ताई : विचार.

धाकटा : चिमणीचं बाळंतपण तूच करशील ना? दुसऱ्या कोणाच्या हातात नाही देणार मी तिला.

ताई : तारीख ठाऊक आहे तिची?

धाकटा : पुढच्या महिन्यात कधीतरी ना?

ताई : पुढच्या महिन्यात.

धाकटा : हां, मग... म्हणजे... पुढच्या...

ताई : टेपवाला तोवर फरशी बसवत असेल.

धाकटा : मी बोलतो त्यांच्याशी. एका केसपुरतं थांबा म्हणतो. माझी मुलगी आहे म्हटल्यावर ऐकतील.

ताई : ऐकतील. आणि रांगेतल्या बाकीच्यांना काय सांगू? तुमचा बाप समितीत नाही?

धाकटा : तसं नाही गं, ताई...

सिस्टर : मॅडम, चला लवकर. डोकं दिसतंय.

ताई : आलेच. तू चहा घे, गार होईल. आणि चिमणीला फोन कर. आत्याच करणार आहे म्हणावं, घाबरू नकोस. कुठे, ते मात्र तूच सांग तिला.