आमच्या ऑपरेटरबाईंचे तीन अल्बम

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्य कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले व्यासपीठावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या ऑपरेटरबाई, त्यांचे यजमान, माझे सहकारी आणि निमंत्रण नसतानाही आलेल्या, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शंभरेक नागरिकांनो,

पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागाचा प्रमुख म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोनाचे चार झाले तर सांभाळून घ्या.

सात वर्षांपूर्वी आमचं फोनवर सूर वाजवणारं यंत्र बंद पडलं. फोन करणाऱ्याला शांततेत ताटकळत ठेवू नये, असा आमचा नियम आहे. मुख्य कार्यालयाला विचारलं, तर उत्तर आलं की जुनी पॉप गाणी मूळ गायकांच्या आवाजात लावता येणार नाहीत, अन्य आवाजात चालतील. बाई म्हणाल्या, मग मी गाऊ का? मी एका फायलीवर सही करत होतो. म्हटलं, बघा काहीतरी. आमच्या विभागात संगीत आलं ते असं.

बाईंचा पहिला कव्हर अल्बम, म्हणजे दुसऱ्यांची गाणी त्यांच्या आवाजात, टेप करून फोनवर चढवला तेव्हा त्यांना सर्दी होती. साथीला मीटर दुरुस्तीचे मिस्त्री, नळाच्या तुकड्यांवर. दुसऱ्यात सर्दी नव्हती, पण मिस्त्रींना पाना सापडला होता. तिसरा अल्बम सबंध कुजबुजत गायलेला आहे, कारण शेजारच्या खोलीत तपासणी पथक बसलं होतं. जाणकार हा तिसराच सर्वोत्तम मानतात.

मी यातलं काहीच ऐकलं नव्हतं. विभागप्रमुख कधी स्वतःच्या विभागाला फोन करतो का? आणि खरं सांगायचं तर गाण्यांशी माझं नातंच उरलं नव्हतं. तरुणपणी मी पॉप गाण्यांपायी वेडा होतो. कॅसेट अडकली की पेन्सिलीने फिरवत बसायचो, जेवण निवून जायचं. पण तीच गाणी इतक्यांदा ऐकली की पुढे ती कानावर पडायची आणि ऐकूच यायची नाहीत. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का आपल्याला? तसंच. मला वाटलं, वय झालं.

मग एके सकाळी अंगाला साबण लावलेला असताना माझ्याच घरचं पाणी गेलं. टॉवेल गुंडाळला, डोळे मिटूनच फोन आणला आणि नागरिक म्हणून माझ्याच विभागाला लावला. चाळीस मिनिटं कुणी उचलला नाही.

पहिली दहा मिनिटं मी कुणाकुणाला निलंबित करायचं ते ठरवत होतो. मग एक गाणं लागलं. बसथांब्यावर ती उभी आहे आणि तो म्हणतो, ही बस जाऊ दे, पुढची येईल. आमच्या कॉलेजात या गाण्यावर अख्खं सभागृह नाचायचं. बाई ते इतकं हळू गात होत्या की शब्दन्‌शब्द सुटा झाला होता. आणि मला पहिल्यांदा कळलं, तो तिला न्यायला आलेलाच नाही. निरोप द्यायला आलाय. तीस वर्षं मी एका ताटातुटीवर नाचत होतो, मंडळी.

डोळ्यांतून पाणी आलं. साबणाचं म्हणा हवं तर. आणि मी गायला लागलो, चांगला मोठ्याने.

दारावर थाप पडली. आमची मंडळी विचारत होती, आत कोण आहे? अठरा वर्षांच्या संसारात तिने माझा तो आवाज ऐकलाच नव्हता. मी दार उघडलं.

"तुम्ही गाता?"

"गायचो."

"मग मला का नाही कधी सांगितलंत?"

ती तिथेच चौकटीत बसली. मी फोन मोठा केला. आम्ही दोघांनी पहिला अल्बम सर्दीसकट पुरा ऐकला. मधेच नळाला पाणी आलं, त्याचंही भान राहिलं नाही.

हे खूळ माझ्या एकट्याचं नव्हतं, हे नंतर कळलं. लोक गाण्यासाठीच फोन करत होते आणि आम्ही उचलला की खट्टू होऊन ठेवून देत होते. तक्रारी घटत घटत शून्यावर आल्या. मुख्य कार्यालयाने आमचं अभिनंदन केलं आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात विभाग बंद करायचं ठरवलं. तक्रारच नाही, तर तक्रार विभाग कशाला?

बाईंची खुर्ची जाणार, हे गावभर झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यावर रांग लागली. चारशे बारा लेखी तक्रारी आल्या आणि सगळ्यांचा मजकूर एकच: आपल्या विभागात फोन फार लवकर उचलला जातो. मी त्या नियमानुसार नोंदवल्या, शिक्का मारला आणि वर पाठवल्या. विभाग वाचला. त्या तक्रारींची चौकशी अजून चालू आहे. ती करणारे अधिकारी आज व्यासपीठावर आहेत आणि मघापासून गुणगुणत आहेत, त्यांचंही स्वागत.

गेल्या आठवड्यात मी धीर करून बाईंना विचारलं, ते बसथांब्याचं गाणं इतकं हळू गावं, हे तुम्हाला सुचलं कसं? बाई म्हणाल्या, साहेब, पुढची ओळ आठवायला वेळ लागत होता. असो. माझं रडू मी मागे घेणार नाही.

आता चौथा अल्बम मी आणि माझी पत्नी मिळून करतो आहोत. ती सुरात आहे, मी अधिकारी आहे. पहिली चार गाणी परवा फोनवर चढवली. काल बाई रजेवर होत्या. दुपारी विभागाचा फोन वाजला, मी स्वतः उचलला. पलीकडे बाईंचा आवाज. मी विचारलं, बाई, काही तक्रार?

"तक्रार नाही, साहेब. जरा थांबवून ठेवा मला."

मी थांबवून ठेवलं. पाच वाजेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नव्हता.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, पान्यासह आलेल्या मिस्त्रींचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला अधिक-उणा शब्द गेला असेल, तर उदार मनाने पोटात घालावा. लेखी तक्रार दिलीत तरी मी शिक्का मारून घेईन. नमस्कार.