प्रश्न पाचवा: नवऱ्याचं नाव

…आणि वर मलाच विचारते, "अहो, तुमचं काय अडलंय त्यावाचून?" अडलंय! एकेचाळीस वर्षं अडलंय! तुम्हाला सांगतो, मागणं काय, तर आपल्या बायकोनं आपलं नाव आपल्या कानावर पडेल असं एकदा घ्यावं. कृष्णाजी. तीन अक्षरं हो, तीन! धारच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हातभर लांबीचे शब्द पोरांच्या तोंडून वदवून घेतले, पण ही तीन अक्षरं घरच्या माणसाच्या तोंडून… छे!

लग्नात घेतलं होतं, नाही म्हणत नाही. देवासला, मांडवात, घास भरवताना. पण नेमका त्याच क्षणी बँडवाल्याला हुरूप आला! ओठ हलले, सगळे हसले, मी आपला "काय? काय?" करत राहिलो. तेव्हापासून हळदीकुंकवात उखाणा घेते म्हणतात, झकास घेते म्हणतात, पण तिथे पुरुषांना मज्जाव! म्हणजे अर्ध्या धारच्या बायकांनी ऐकलंय, मी सोडून. आणि घरात? कृष्णपक्ष म्हटलं की "वद्य पक्ष म्हणा." कृष्णतुळस म्हटलं की "ती काळी तुळस हो." अहो, माझ्यापायी हिनं देवाचं नाव टाकलं! नाव राजाबाई, आणि कारभारही तसाच.

आता यात इंग्रजी कुठून आलं म्हणाल, तर आमचा पीयूष मेलबर्नला. नात ऋतिका सहा वर्षांची, तिला मराठी येत नाही, हिला इंग्रजी येत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल. पोर म्हणणार "हाय आज्जी", ही म्हणणार "हाय"… संपलं! मग दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत. कॉल बंद झाला तरी ही त्या काळ्या पडद्याकडे बघत बसायची. ते मात्र मला बघवेना. म्हटलं, बस, शिकवतो.

फत्तेसिंग आहे ना, माझ्याच शाळेत गणित शिकवायचा, तो म्हणाला, "अरे भिया, खडू-फळा छोड़ो, अब सब ऑनलाइन है!" आणि काय काय दाखवलंन त्यानं! चित्राला बोट लावलं की शब्द बोलणारं ॲप, सावकाश गोष्ट वाचून दाखवणारी बाई, उच्चार चुकला की लाल होणारं काहीतरी… आणि एक साइट, तुम्हाला सांगतो, अशी की मास्तरानं प्रश्न टाकायचे, विद्यार्थ्यानं बोलून उत्तर द्यायचं, आणि ते रेकॉर्डिंग मास्तराच्या फोनवर हजर. कितीदाही ऐका.

कितीदाही! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चार प्रश्न साधे टाकले, घर कुठे, जेवलात काय, आणि पाचवा, अगदी साळसूदपणे, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?" आणि पाचही उत्तरांना मार्क पडल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही, अशी सोय होती, तीही करून ठेवली. मास्तर आहे मी!

उत्तर आलं. "ही इज द फादर ऑफ पीयूष."

आता? व्याकरण बरोबर! बरोबरला चूक कसं म्हणायचं? दहापैकी दहा. पुढच्या धड्यात पुन्हा टाकला. "ही इज सिटिंग इन द गॅलरी." मी गॅलरीतच बसलो होतो हो! दहापैकी दहा. तिसऱ्या खेपेला तर, "यू नो इट व्हेरी वेल." व्याकरण बरोबर…

असे चाळीस धडे झाले. आता आज्जी-नात पाऊण पाऊण तास बोलतात, कैरीचं लोणचं कसं घालतात ते ही इंग्रजीतून सांगते, पोर खिदळते, आणि मला मधेच दोन सेकंद, "से हाय टू आबा," की फोन पुन्हा तिकडे! बरं वाटतं हो, खरंच बरं वाटतं. त्यांचं भागलं. माझीच तीन अक्षरं राहिली.

परवा चैत्राचं हळदीकुंकू, देवासला, हिच्या माहेरी. मला कैरीची डाळ झाकून ठेवली आणि निघाली, "तुमचा अभ्यास तिथूनच पाठवते" म्हणाली. संध्याकाळी मी एकटा, समोर डाळ, आणि टुंग्! रेकॉर्डिंग! कानाला लावलं. बांगड्या, हसणं, कुणाचं तरी "पन्हं घे गं"… आणि हिचा आवाज, "माय हजबंड्स नेम इज…"

थांबली. माझा घास हातात. तिची भावजय मेधा म्हणते, "अहो वन्सं, घ्या की! दरवर्षी तर घेता!" आणि ही, हळूच, "नको गं… हे ऐकतील ना."

काय सांगू तुम्हाला! एकेचाळीस वर्षांपूर्वी मांडवात बसली होती ना, तीच बोलली हो ती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता घेईल, आता… आणि तेवढ्यात देवासच्या वीस बायका एका सुरात ओरडल्या, "कृष्णाजीराव!"

वीस! एक सोडून सगळ्यांनी!

ते "हे ऐकतील ना" मी सतरा वेळा ऐकलं. मग शेरा लिहिला, "रिपीट. अलोन. प्लीज." आणि वाट बघत बसलो. डाळ तशीच. तासाभरानं उत्तर आलं, एकटीचं, मागे कुणी नाही, बांगडीसुद्धा वाजली नाही.

"युवर नेम इज सेफ विथ मी, सर."

आता काय करणार?… व्याकरण बरोबर. दिले दहा.