सासूबाईंनी पाजलेलं पाणी

तुम्ही मला भित्री म्हणता, पण सासूबाईंपुढे तुम्हीही गप्प बसला असता. माझी सुमी आठ महिन्यांची असताना तिला जुलाब लागले. सासूबाई म्हणाल्या, "पाणी पाजू नको, पाण्यानंच वाढायलेत." मी बी.ए. झालेली, तरी ऐकलं. दुपारी पोरीचे डोळे खोल गेले, तशा आम्ही दोघी तिला घेऊन पालमहून एसटीनं गंगाखेडला मुलांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, "जितकं बाहेर गेलं तितकं आत नको का? अंगावरचं दूध चालू ठेवा. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर अन् चिमूटभर मीठ घालून पाजा. आसवांपेक्षा खारट नको. चव बघायला सूनबाई आहेच, मघापासून रडायलीय."

मग चमचा त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला. "मावशी, पोरीला मांडीवर घ्या. तुम्ही पाजा."

सासूबाई चमचा चमचा पाजत राहिल्या. संध्याकाळी सुमीनं शू करून त्यांचं लुगडं ओलं केलं, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले.

तेवढ्यात तसंच मलूल लेकरू घेऊन एक बाई आली. सासूबाईंनीच तिला आधी गाठलं. "पाणी बंद केलंस का याचं?"

"सासू म्हणाली, नको पाजू."

"सासू म्हणणारच. तुमी पोरी ऐकताच कशाला?"